ब्रायटनचं मालीशघर

रुग्णाला आधी वाफेत बसवलं जाई. वाफ साध्या पाण्याची नसे. तिच्यात औषधी वनस्पती असत आणि त्या कोणत्या, हे मालक कुणाला सांगत नसत. भोवती फ्लॅनेलचा तंबू आणि त्या तंबूला बाहेरून आत जाणाऱ्या बाह्या शिवलेल्या. घाम सुटून अंग सैल पडलं की मालीश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आत घाली आणि खांदे, पाठ, गुडघे, जिथे दुखणं असेल तिथे रगडायला लागे. रुग्णाच्या अंगाला लागत ते फक्त मालीश करणाऱ्याचे दोन हात.

हे चाले इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात, १८२०च्या दशकात. मालकाचं नाव शेख दीन महंमद. इंग्रजी कागदपत्रांत आणि पुस्तकांवर ते ‘साके दीन महोमेद’ असं छापलेलं सापडतं. मालीश या कामावर पोट भरणारे लोक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. न्हावी आहेत, तालमीतले वस्ताद आहेत, बाळंतिणीला आणि बाळाला चोळायला सकाळी येणाऱ्या मावश्या आहेत. पण या कामाची संस्था उभारावी, तिच्यात भांडवल घालावं, डॉक्टरांनी रुग्ण पाठवावेत आणि राजाने नेमणूक द्यावी, हे एका हिंदुस्थानी माणसाने परक्या देशात दोनशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. ते कसं उभं राहिलं आणि शेवटी हातातून का गेलं, हे दोन्ही आज मालीशचा किंवा फिजिओथेरपीचा व्यवसाय काढणाऱ्याने बारकाईने पाहण्यासारखं आहे.

महंमद १७५९ साली पाटण्यात जन्मले. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. पोरवयातच ते गॉडफ्रे बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या पदरी लागले, फौजेबरोबर उत्तर हिंदुस्थान फिरले आणि १७८४ साली त्याच्याच सोबत आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात पोहोचले. तिथे १७९४ साली त्यांनी आपल्या प्रवासाचं पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केलं. हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेलं ते पहिलं पुस्तक. पुस्तकासाठी त्यांनी आधीच वर्गणीदार गोळा केले होते. अनोळखी, प्रतिष्ठित माणसांकडे जाऊन आपल्यावर विश्वास टाकायला लावण्याचं हे कौशल्य त्यांना पुढे फार उपयोगी पडलं.

१८०७च्या सुमारास ते लंडनला आले. हिंदुस्थानात गडगंज पैसा कमावून परतलेल्या बेसिल कॉक्रेन यांनी पोर्टमन स्क्वेअरला वाफेचं स्नानगृह काढलं होतं. महंमद तिथे कामाला लागले आणि वाफेला त्यांनी हिंदुस्थानी चंपी-मालीशीची जोड दिली. इंग्लंडात तिला ‘शाम्पूइंग’ म्हणू लागले. केस धुण्याशी त्या शब्दाचा संबंध फार नंतर आला.

मालीशीचा व्यवसाय मात्र त्यांनी लगेच काढला नाही. १८१० साली त्यांनी पोर्टमन स्क्वेअरजवळच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्थानी कॉफी हाउस’ उघडलं. वेताच्या खुर्च्या, हुक्का, हिंदुस्थानी पद्धतीचं जेवण. ब्रिटनमधली ती पहिली हिंदुस्थानी खाणावळ मानली जाते. १८१२ साली त्यांचं दिवाळं निघालं. हिशेब सरळ होता. ज्या साहेब लोकांना करीची चव होती, त्यांच्यापैकी अनेकांकडे ती रांधणारे आचारी घरीच होते, आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांना ती चव ठाऊक नव्हती. महंमदांनी मग वर्तमानपत्रात जाहिरात देऊन खासगी नोकराची जागा शोधली. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते, घरात मुलंबाळं होती.

१८१४ साली ते ब्रायटनला आले. व्यवसायासाठी गाव कसं निवडावं याचा तो उत्तम नमुना आहे. रिचर्ड रसेल या डॉक्टरने १७५०च्या सुमारास समुद्राचं पाणी औषधी असल्याचं लिहिलं होतं, तेव्हापासून दुखणेकरी त्या किनाऱ्यावर येत होते. पुढे युवराज, म्हणजे नंतरचा राजा चौथा जॉर्ज, तिथे राहू लागला आणि त्याच्यामागून सगळा उमराव वर्ग आला. १८०१ साली ब्रायटनची वस्ती सुमारे ७ हजार होती, १८३१ साली ती ४० हजारांवर गेली. युवराजाचा रॉयल पॅव्हिलियन हा महाल जॉन नॅश हा वास्तुकार १८१५पासून हिंदुस्थानी धाटणीच्या घुमटांनी नव्याने मढवत होता. म्हणजे दुखणं घेऊन आलेली, हातात पैसा आणि वेळ असलेली माणसं गावात तयार होती, आणि हिंदुस्थानी वस्तूंचं आकर्षणही. कॉफी हाउसला जे गिऱ्हाईक मिळालं नाही, ते इथे रस्त्यावर फिरत होतं.

सुरुवात लहान होती. दुसऱ्याच्या स्नानगृहाची देखभाल, बरोबरीने हिंदुस्थानी दंतमंजन आणि केस काळे करण्याचा कलप विकायचा. मग थोड्या मोठ्या जागेत वाफ आणि मालीश. लोक आधी हसले; महंमदांनी स्वतःच पुढे लिहिलं आहे की नवं मत मांडणाऱ्याला टिंगल आणि निंदा सोसावी लागते. त्यांनी वाद घातला नाही, नोंदी ठेवल्या. कुणाला काय दुखणं होतं, किती दिवस आले, काय फरक पडला हे लिहून घेतलं, रुग्णांची पत्रं जमवली आणि १८२० साली त्यांचं पुस्तक छापलं. १८२१ साली समुद्रासमोर ‘महोमेद्स बाथ्स’ हे नवं स्नानगृह उघडलं आणि १८२२ साली ‘शाम्पूइंग’ नावाचं मोठं पुस्तक राजा चौथा जॉर्ज याला अर्पण करून प्रसिद्ध केलं. त्याच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या.

या इमारतीत सर्वांत जास्त विचार झाला होता तो रुग्णाच्या संकोचाचा. स्त्रिया आणि पुरुष यांचे विभाग वेगळे, बसण्या-वाचण्याच्या खोल्या वेगळ्या, अभिप्रायाच्या वह्यासुद्धा वेगळ्या. स्त्रियांच्या विभागाची व्यवस्था महंमदांची पत्नी जेन पाहत. तो फ्लॅनेलचा तंबू इथेच महत्त्वाचा ठरतो. अनोळखी हाताने आपल्या अंगाला स्पर्श करायचा, तोही हिंदुस्थानी माणसाच्या हाताखाली तयार झालेल्या सेवकाने, हे त्या काळच्या इंग्रज कुटुंबाला सहज पटणारं नव्हतं. तंबूने अंग झाकलं आणि उपचार उघडा ठेवला. माझ्या मते महंमदांची सर्वांत मोठी गुंतवणूक ही होती. बॉयलर, संगमरवर, समुद्राचं पाणी चढवणारी यंत्रणा हे पैसे असलेला कुणीही आणू शकला असता. प्रतिस्पर्ध्यांनी स्नानगृहं काढलीही. घरातल्या बाईमाणसाला निर्धास्त पाठवता येईल अशी जागा उभी करायला मात्र शिस्त लागते. ती रोज, प्रत्येक खोलीत पाळावी लागते. मालीशीच्या व्यवसायाकडे समाज आजही शंकेने बघतो. तिच्यावरचा उपाय महंमदांना तेव्हाच सापडला होता.

दुसरी गोष्ट दारातच दिसे. बरे झालेले रुग्ण आपल्या कुबड्या तिथे सोडून जात आणि महंमद त्या प्रवेशाच्या दालनात मांडून ठेवत. येणारा लंगडत आत शिरे, तो आधी त्या बघे. संधिवात, कंबरदुखी, सायटिका, आखडलेले सांधे, दमा, अर्धांगवायू, सगळ्यांवर आपल्याकडे उपाय आहे असं ते सांगत. उष्णतेने आणि मालीशीने आखडलेले स्नायू मोकळे होतात, दुखणं काही काळ तरी हलकं वाटतं, हे अनुभवाने पटणारं आहे. दमा आणि अर्धांगवायूबद्दलचे दावे मी तसेच मान्य करणार नाही. समाधानी रुग्णाचं पत्र हा पुरावा नव्हे, असमाधानी रुग्ण पत्र लिहीत नाही. तरी त्या काळी रक्त काढणं आणि पारा पाजणं हे मान्यताप्राप्त उपचार होते, त्यांच्या तुलनेत महंमदांच्या हाताखाली गेलेला माणूस सुखरूप घरी येई हे नक्की. डॉक्टरांनीही त्यांच्याकडे रुग्ण पाठवले. चौथा जॉर्ज आणि पुढे चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमलं. दरबारात ते मोगली थाटाचा पोशाख घालून जात. त्या वेशातलं त्यांचं चित्र आजही ब्रायटनमध्ये जपलेलं आहे.

एक गोष्ट मला खटकते आणि ती सांगितलीच पाहिजे. १८२२च्या पुस्तकात त्यांनी आपला जन्म १७४९चा लिहिला आणि फौजेत जाण्याआधी वैद्यकी शिकल्याचं म्हटलं. १७९४च्या त्यांच्याच पुस्तकात यातलं काही नाही. वयात दहा वर्षांची भर टाकली ती शिक्षणाला जागा करण्यासाठी. अमेरिकी इतिहासकार मायकेल फिशर यांनी त्यांच्या आयुष्याची कागदपत्रं शोधून हा फरक उघड केला. पदवीशिवाय कुणी दारात उभं करत नव्हतं, हे समजतं. पण ज्याच्या वह्या लोकांच्या सह्यांनी भरत होत्या, त्याला या थापेची गरज नव्हती.

आता भांडवलाकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे. समुद्रासमोरची ती इमारत महंमदांच्या एकट्याच्या मालकीची नव्हती. पैसा भागीदाराचा, थॉमस ब्राउन यांचा होता. नाव, पद्धत, मेहनत महंमदांची. वीस वर्षं हे जमलं. लंडनमध्ये सेंट जेम्स भागात रायडर स्ट्रीटवर शाखाही निघाली आणि ती मुलांनी सांभाळली. १८३७ साली व्हिक्टोरिया राणी गादीवर आली. तिला ब्रायटन रुचलं नाही, तेव्हा राजघराण्याचा राबता कमी होत गेला. १८४१ साली ब्राउन वारले. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनहून रेल्वे ब्रायटनला पोहोचली. एका दिवसात येऊन परत जाणारी गर्दी सुरू झाली, आठवडेच्या आठवडे राहून उपचार घेणारी मंडळी दुसरीकडे वळू लागली. भागीदाराच्या मृत्यूमुळे स्नानगृह लिलावात निघालं. ज्या दारावर महंमदांचं नाव होतं, ते दार त्यांना विकत घेता आलं नाही. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

त्यांनी धंदा सोडला नाही. ब्लॅक लायन स्ट्रीटवरच्या आपल्या घरात, लहान प्रमाणावर, त्यांनी पुन्हा रुग्ण घ्यायला सुरुवात केली. पण समुद्रासमोरच्या जागेबरोबर तिचा दर्शनी रुबाबही गेला होता. पुढे थंड पाण्याच्या उपचारांची लाट आली, १८५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तुर्की स्नानगृहांची. २४ फेब्रुवारी १८५१ रोजी महंमद वारले. जुन्या स्नानगृहाच्या जागी आज क्वीन्स हॉटेल उभं आहे.

घरात मात्र विद्या झिरपत राहिली. मुलगा होरेशियो लंडनचं स्नानगृह चालवत होता, त्याने १८४३ साली स्नानावर पुस्तक लिहिलं. दुसरा, फ्रेडरिक, ब्रायटनमध्ये तलवारबाजी आणि व्यायाम शिकवी. त्याचा मुलगा फ्रेडरिक अकबर महोमेद लंडनच्या गाइज हॉस्पिटलात डॉक्टर झाला. नाडीचा आलेख काढणारं यंत्र त्याने सुधारलं आणि मूत्रपिंडाचा विकार नसतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे दाखवून दिलं. १८८४ साली, वयाच्या पस्तिशीत, तो विषमज्वराने गेला. आजोबाने जे वैद्यकीचं शिक्षण खोटं सांगितलं, ते नातवाने रीतसर घेतलं होतं.

आज पुण्या-नाशकात, ठाण्यात किंवा पणजीत भाड्याच्या गाळ्यात मालीश किंवा फिजिओथेरपीचं केंद्र काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे. महंमदांकडून नोंदवह्या घ्या, पडदे आणि वेगळे विभाग घ्या, हाताखालच्या माणसांची शिस्त घ्या. आणि यंत्रं, गाद्या, तेलं यांच्यावर खर्च करण्याआधी वकिलाकडे जाऊन भाडेकरार किंवा भागीदारीचा करार वाचून घ्या: मुदत किती, जागेचा मालक किंवा भागीदार गेला तर त्याच्या वारसांवर तो बांधील आहे का, पाटीवरचं नाव आणि रुग्णांच्या नोंदी कुणाच्या मालकीच्या. पहिल्या चांगल्या वर्षाची शिल्लक दुसऱ्या शाखेत घालू नका. आहे ती जागा आपल्या नावावर होईल का, ते आधी बघा.