बीड ते मुंबई : किलोमीटर आणि तास



"मुंबई किती लांब?" असे बीडच्या बसस्थानकावर विचारले, तर कोणी किलोमीटर सांगत नाही. "रात्री बसा, सकाळी उतरा," असे सांगतात. हे उत्तर अडाणीपणाचे नव्हे. अंतराचे खरे माप त्यातच आहे.

प्रथम नकाशा पाहू. बीड आणि मुंबई दोन्ही जवळजवळ १९ उत्तर अक्षांशावर आहेत. म्हणजे मुंबई आपल्या थेट पश्चिमेस. रेखांशांतील फरक सुमारे २.९ अंश. विषुववृत्तावर एका अंशाचे १११ किलोमीटर होतात. उत्तरेकडे ते घटत जातात आणि आपल्याकडे सुमारे १०५ उरतात. गुणाकार केला की सरळ रेषेतले अंतर निघते सुमारे ३०० किलोमीटर. रस्त्याने मात्र ते पावणेचारशेच्या पुढे जाते.

आता विमान घेऊ. त्यासाठी आपल्याला छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर जावे लागते. तेथून मुंबई सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर एकवीस मिनिटांचे. पण वेळापत्रकात तासाभराचा प्रवास लिहिलेला असतो. असे का? विमान धावपट्टीपर्यंत हळू जाते, चढताना व उतरताना पूर्ण वेगाने उडत नाही, आणि मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने उतरणाऱ्या विमानांना आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. शिवाय हा तास विमानाचा झाला, माणसाचा नव्हे. बीडहून चिकलठाण्यापर्यंतचे सव्वाशे किलोमीटर, विमानतळावर लवकर पोहोचण्याचा नियम, मुंबईत उतरल्यावरची गर्दी, हे सारे जमेस धरा. सहा-सात तास सहज होतात.

लंडन व पॅरिस यांमधील सरळ अंतर सुमारे ३४० किलोमीटर, म्हणजे आपल्याहून थोडे अधिकच. मध्ये समुद्रही आहे. तरी १९९४ साली समुद्राखालचा बोगदा खुला झाला, आणि आता आगगाडी सुमारे सव्वादोन तासांत एका शहराच्या मध्यातून दुसऱ्याच्या मध्यात नेऊन सोडते. आपली अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली. अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे! तेव्हा अंतर केवळ भूगोल ठरवीत नाही; कोणाच्या तासांची किंमत किती धरली जाते, यावरही ते ठरते.

कामगार चळवळीत हा हिशेब मला रोज दिसतो. कारखान्यात भोंग्यापासून भोंग्यापर्यंतचे तास मोजतात, घरापासून घरापर्यंतचे नव्हेत. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांचे तर तेही नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, लेकरे आणि म्हातारी माणसे घालून ती निघतात. मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर. वाटेतल्या थंडीच्या रात्रीला टन नाही, म्हणून दामही नाही. अपघात झाला तर तोही त्याच न मोजलेल्या वेळेत होतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. यापुढे कोणी "अमुक शहर विमानाने एका तासावर" म्हणाले, तर विचारा : कोणाच्या दारापासून, आणि त्या तासांचे मोल कोण देणार? ऊसतोडणी करणारी माणसे गावी परततात. कोणी भेटले, तर पोहोचायला किती तास लागले, तेही त्यांना विचारा.