मुक्ताची सेवा

ख्रिस्ती स्वातंत्र्य म्हणजे स्वैर वागण्याची मुभा नव्हे. मार्टिन लूथरने १५२० साली या विषयावर लिहिलेल्या छोट्या ग्रंथातील विचार मला मोलाचा वाटतो: तारण देवाच्या कृपेनेच लाभले असेल, तर सत्कर्मांनी पुण्य जोडण्याची चिंता उरत नाही, मग शेजारी पुण्याचे साधन न राहता केवळ प्रेमाचा धनी होतो.

वेल्लोरला १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकलेल्या बोटांवर कंडरा-स्थानांतराच्या शस्त्रक्रिया केल्या. हात सुधारले, पण आता भीक मिळेना आणि काम कोणी देईना! पुण्यच हवे असते, तर ते शस्त्रक्रियागृहातच पदरी पडले होते. (आम्हा शल्यचिकित्सकांचे काम बहुधा तेथेच संपते.) तरुणपणी बांधकाम शिकलेल्या ब्रँड यांनी या रुग्णांना सुतारकाम शिकविण्याची सोय केली.