तपासणारा पेशंट

दवाखान्याच्या दाराआड नेमकं काय घडतं, हे संशोधकानं शोधायचं कसं? डॉक्टरांना विचारावं, तर उत्तर पाठ्यपुस्तकातलं मिळतं. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसावं, तर त्या दिवशी स्टेथोस्कोप छातीवर जरा जास्तच वेळ रेंगाळतो. पेशंटला विचारावं, तर त्याला गोळ्यांचा रंग आठवतो, डॉक्टरांनी काय विचारलं ते नाही. मग उरतं एकच, पेशंटच आपला पाठवायचा.

ही युक्ती हॉवर्ड बॅरोज यांची. १९६३ मध्ये त्यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात धडधाकट व्यक्तीला आजाऱ्याची भूमिका शिकवली, ती विद्यार्थ्यांना जोखण्यासाठी. भारतात जिष्णू दास, मधुकर पै आणि सहकाऱ्यांनी हेच तंत्र टीबीचे उपचार जोखण्यासाठी वापरलं.

२०१४ मध्ये दिल्लीत, आधी संमती दिलेल्या ७५ डॉक्टरांकडे असे पेशंट गेले. हे व्यावसायिक नट नव्हेत, साधी माणसं. खोकला कधीपासून, घरी कोण असतं, आधी कुठलं औषध घेतलं, सगळं त्यांना तोंडपाठ. इंजेक्शनची सुई पुढे आली की ती शिताफीनं कशी टाळायची, याचंही शिक्षण दिलेलं. बाहेर पडल्यावर झालेली सगळी विचारपूस ते प्रश्नावलीत भरून देत.

अशा २५० भेटींपैकी योग्य दिशेनं उपचार झाले ते ५२ मध्ये. पण मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा. तशाच पेशंटची हकिगत सांगून ६९ डॉक्टरांना विचारलं, ‘काय कराल?’ छातीचा एक्स-रे किंवा थुंकीची तपासणी सांगू, असं ५० जण म्हणाले. प्रत्यक्ष पेशंट समोर बसला, तेव्हा ती सांगितली फक्त सात जणांनी.

म्हणजे उणीव निव्वळ ज्ञानाची नाही. तीच माणसं, तोच आजार. मग अडलं कुठे? माझा अंदाज असा, की तपासणीची चिठ्ठी घेऊन गेलेला पेशंट परत येईलच याची डॉक्टरला खात्री नसते. पेशंटलाही आजच आराम हवा असतो. अँटिबायोटिक दोघांचीही सोय पाहतं. त्यात फ्लुरोक्विनोलोन गटातलं औषध असेल, तर टीबीची लक्षणं काही काळ दबतात आणि निदान आणखी लांबतं. (‘डॉक्टरचा गुण येतो’ म्हणतात, तो कधीकधी असाही येतो.)

पुढे मुंबई आणि पाटण्यात हाच अभ्यास मोठ्या प्रमाणावर झाला. अडीच हजारांहून जास्त भेटींमध्ये योग्य उपचारांचं प्रमाण सुमारे ३५ टक्के निघालं. एमबीबीएस डॉक्टरांची कामगिरी इतरांपेक्षा बरी होती, पण तिथेही हात राखूनच कौतुक करावं लागतं.

मेडिकलवाल्यांनी मात्र थोडा धक्का दिला, तोही सुखद. दिल्ली, मुंबई आणि पाटण्यातल्या ६२२ दुकानांत पाठवलेल्या पेशंटांपैकी एकालाही टीबीची मुख्य औषधं काउंटरवर मिळाली नाहीत. नुसता खोकला सांगितला, तेव्हा अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरकडे पाठवणारे १३ टक्केच. थुंकीत जंतू असल्याचा रिपोर्ट पुढे ठेवला, की तेच प्रमाण ६२ टक्क्यांवर गेलं.

एकच डॉक्टर सकाळी सरकारी केंद्रात आणि संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसला, तर तपासण्यात किती फरक पडतो? मध्य प्रदेशातला तो अभ्यास पुढच्या आठवड्यात.