डिकीतील जागेचा हिशेब

मोटारीच्या मागच्या बाजूस सामान ठेवण्यासाठी जो कप्पा असतो त्याला मराठी माणूस ‘डिकी’ म्हणतो, आणि हा शब्द मुळात छप्पर उघडणाऱ्या छोट्या दोन आसनी मोटारींच्या जगातून आलेला आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांतील अशा अनेक मोटारींच्या शेपटाकडे एक झाकण असे. ते उघडून मागे टेकवले की त्याचीच पाठ होई आणि एकदोन माणसांना उघड्यावर बसता येई. या बैठकीला इंग्रजीत ‘डिकी सीट’ म्हणत. ती बैठक कालांतराने गेली, तिच्या जागी सामान आले आणि नाव तेवढे टिकले. त्या जागेवर एकापेक्षा अधिक गोष्टींचा हक्क असतो, हे या नावाच्या इतिहासातूनच दिसते. म्हणून लहान मोटारीत सामानासाठी जागा शोधणे म्हणजे नवी जागा निर्माण करणे नव्हे, तर असलेल्या जागेची हक्कदारांमध्ये नव्याने वाटणी करणे होय.

छप्पर उघडणाऱ्या स्पोर्ट्‌स कारमध्ये सामानाचा पहिला प्रतिस्पर्धी म्हणजे स्वतः छप्परच. २००९ मध्ये बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यू झी-४ चे कडक, घडीचे छप्पर बंद असताना तिच्या डिकीत ३१० लिटर जागा मिळे, मात्र छप्पर दुमडून डिकीत उतरले की ती १८० लिटरवर येई. त्यानंतरच्या पिढीत कंपनीने पुन्हा कापडी छप्पर स्वीकारले आणि त्याची घडी डिकीच्या बाहेर ठेवली, त्यामुळे छप्पर उघडे असो वा बंद, २८१ लिटर जागा कायम राहते. माझदा एमएक्स-५ या जगभर लोकप्रिय असलेल्या मोटारीत तर डिकी अवघी १३० लिटरची आहे. तिचे कापडी छप्पर आसनांमागच्या खोबणीत बसते आणि किरकोळ वस्तूंसाठी आसनांच्या पाठीमागे छोटे बंद कप्पे दिलेले असतात. अशा मोटारींचे मालक डिकीच्या झाकणावर सामानाची जाळी बसवतात, कारण जिथे छप्परच कायम नाही तिथे छपरावरचा कॅरिअर संभवत नाही.

येथे ‘लिटर’ या मापाचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. डिकी पाण्याने भरून मोजत नाहीत. २० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड असे, म्हणजे बरोबर एक लिटर आकारमानाचे ठोकळे तिच्यात रचून किती मावतात हे पाहण्याची पद्धत रूढ आहे. हे लहान ठोकळे चाकांच्या कमानींजवळच्या कोपऱ्यांतही जाऊन बसतात, पण कडक सुटकेस तेथे बसत नाही, आणि म्हणून माहितीपत्रकातील आकडा व प्रत्यक्ष मावणारे सामान यांत अंतर पडते. कापडी, मऊ बॅगांमुळे हे अंतर बरेच भरून निघते.

नवी मुंबईतील करावे, दारावे, नेरूळ या परिसरात छप्पर उघडणारी मोटार क्वचितच दिसेल, परंतु त्याच जातीची अडचण येथील असंख्य कुटुंबांच्या परिचयाची आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत महानगर गॅस ही १९९५ मध्ये स्थापन झालेली कंपनी सीएनजी, म्हणजे दाबाखाली भरलेला नैसर्गिक वायू, पुरवते. इंधनखर्चात बचत होते म्हणून सीएनजीवरील मोटारी लोकप्रिय झाल्या, मात्र हा वायू सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने साठवावा लागतो. एवढा दाब सर्व बाजूंना सारखा पेलण्यासाठी टाकी गोल घडवावी लागते. तिला पेट्रोलच्या टाकीसारखा आसनाखालच्या सांदीत बसेल असा चपटा, वाकडातिकडा आकार देता येत नाही. परिणामी सुमारे ६० लिटरचे सिलिंडर मागच्या आसनामागे आडवे बसते, डिकीचा मोठा भाग अडवते आणि त्याच्या गोलाईभोवती कोणतीही सुटकेस नीट न बसणाऱ्या फटी उरतात.

या अडचणीवर टाटा मोटर्सने २०२३ मध्ये अल्ट्रोझ मोटारीत काढलेला तोडगा अभ्यासण्यासारखा आहे. एका मोठ्या सिलिंडरऐवजी ३० लिटरची दोन बारीक सिलिंडरे डिकीच्या तळाखाली शेजारीशेजारी बसवण्यात आली, आणि त्या तळात एरवी राहणारी स्टेपनी, म्हणजे जादा चाक, मोटारीच्या बुडाखाली बाहेर टांगण्यात आली. सिलिंडरचा व्यास कमी झाला की तोच दाब पेलण्यासाठी त्याची भिंतही त्याच प्रमाणात पातळ चालते, त्यामुळे एकाची दोन केल्याने पोलादाचा भार फारसा वाढत नाही, उलट वर सपाट तळ मिळतो. पेट्रोलवरील अल्ट्रोझची डिकी ३४५ लिटरची आहे, तर या रचनेत २१० लिटर जागा हाती राहते. १३५ लिटर तरीही गेलेच, परंतु जी जागा उरली ती सलग आणि वापरण्याजोगी उरली, हे या तोडग्याचे खरे यश आहे.

स्टेपनीचा हक्कही आता निर्विवाद राहिलेला नाही. टायरमधील हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना जादा चाक न ठेवण्याची मुभा भारतात २०२० पासून मिळालेली आहे. तथापि लांबच्या प्रवासात टायरची बाजू फाटली तर असा संच निरुपयोगी ठरतो, म्हणून थोड्याशा जागेसाठी स्टेपनी घरी ठेवून निघणे शहाणपणाचे नाही.

या हिशेबाची खरी परीक्षा गणपतीत होते, जेव्हा नवी मुंबईतील चाकरमानी कुटुंबे पनवेलहून निघणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ ने कोकणात जातात. त्या वेळी जड सामान सर्वांत खाली आणि शक्य तितके मागच्या आसनाच्या पाठीजवळ ठेवावे, म्हणजे मोटारीचा तोल बिघडत नाही. हलक्या, मऊ बॅगा वर आणि सिलिंडरभोवतीच्या फटींत सरकवाव्यात, मात्र सिलिंडरच्या झडपेवर आणि नळीवर कोणताही भार येऊ देऊ नये व झडपेपर्यंत हात पोहोचेल एवढी वाट मोकळी सोडावी. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झालेली असावी, आणि भरलेल्या गाडीसाठी कंपनीने सांगितलेला हवेचा दाब टायरमध्ये असावा. मागच्या काचेखालच्या फळीवर सुटे सामान कधीही ठेवू नये, कारण ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार अचानक थांबली तर न बांधलेली वस्तू त्याच वेगाने पुढे झेपावते, आणि वेग दुप्पट झाला तर तिच्या आघाताची ऊर्जा चौपट होते.

डिकी या शब्दाच्या आरंभकाळी सामानाच्या जागेवर माणसे बसत असत. आज अपुऱ्या डिकीमुळे सामान माणसांच्या जागेत, मुलांच्या पायांशी आणि वृद्धांच्या मांडीवर येऊ लागते. ही सीमा ओलांडू लागणारी पिशवी घरीच ठेवणे किंवा एसटीच्या पार्सलने पुढे धाडणे हाच योग्य मार्ग ठरतो, कारण छप्पर, सिलिंडर, स्टेपनी आणि सामान या साऱ्या हक्कदारांमध्ये तडजोड होऊ शकते, पण प्रवाशाच्या जागेची वाटणी होऊ शकत नाही.