प्रश्नांची शाळा आणि सनदेची मुदत

अमेरिकेंतील ‘चार्टर स्कूल’ हें नांव सुशिक्षितांच्या कानांवरून गेलेलें असतें. परंतु ती शाळा सरकारी कीं खासगी, असें विचारलें असतां उत्तर देणारा बहुधा अडखळतो. चार्टर म्हणजे सनद. कांहीं शिक्षक, पालक अथवा एखादी लोकोपयोगी संस्था राज्याच्या कायद्यानें अधिकार दिलेल्या मंडळापुढें आपली योजना मांडते व तें मंडळ तिला शाळा चालविण्याची सनद देतें. खर्च सार्वजनिक खजिन्यांतून होतो. मुलांकडून फी घ्यावयाची नाहीं, विशिष्ट धर्माची शिकवण द्यावयाची नाहीं आणि जागांपेक्षां अर्ज अधिक आले तर सोडत काढावयाची, अशीं कांहीं ठळक बंधनें पाळलीं म्हणजे कोणत्या पद्धतीनें शिकवावें याविषयीं शाळेला बरीच मोकळीक मिळते. मिनेसोटा राज्यानें असा पहिला कायदा १९९१ सालीं केला आणि पुढच्याच वर्षीं त्या राज्यांतील सेंट पॉल शहरांत पहिली सनदी शाळा उघडली. तीस वर्षांनंतर, म्हणजे २०२१ च्या सुमारास, अशा शाळांची संख्या ७,८०० च्या आणि त्यांतील विद्यार्थ्यांची ३७ लाखांच्या घरांत गेली होती.

ही मोकळीक फुकटची नव्हे. सनदेला मुदत असते. पुष्कळ ठिकाणीं ती पांच वर्षांची असते. मुदत भरतांच मंडळ हिशेब मागतें, आणि त्या हिशेबांत राज्याच्या परीक्षेंतील गुणांना मोठें वजन असतें. हिशेब पटला नाहीं तर सनद परत जाते व शाळेला कुलूप लागतें.

अशा शाळांपैकीं कांहींनीं जो शिक्षणक्रम पत्करला आहे, त्याची जन्मकथा निराळीच आहे. राष्ट्रसंघाचें कार्यालय जिनीव्हा येथें होतें, तेव्हां तेथील नोकरवर्गाच्या मुलांसाठीं १९२४ सालीं एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. आज पॅरिसला तर उद्यां न्यूयॉर्कला बदलून जाणाऱ्या अशा कुटुंबांतील मुलांनीं शेवटीं कोणत्या देशाची परीक्षा द्यावी, हा प्रश्न पुढें बिकट झाला. त्यांतून १९६८ सालीं जिनीव्हा येथेंच ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ ही संस्था उभी राहिली. आरंभीं तिचें लक्ष शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांपुरतें होतें. तीन ते बारा वर्षांच्या बालकांसाठीं प्राथमिक क्रम १९९७ सालीं आला. भारतांत कोडाईकनाल येथील आंतरराष्ट्रीय शाळेनें १९७६ सालीं हा मार्ग प्रथम धरला, आणि तेव्हांपासून ‘आय. बी.’ म्हटलें कीं आपल्याकडे मोठ्या फीची आठवण होते. अमेरिकेंत मात्र गंमत अशी झाली कीं, वकिलातींतल्या मुलांसाठीं निघालेला हा क्रम घेणाऱ्या शाळांपैकीं बहुसंख्य तेथें सार्वजनिक खर्चाच्या आहेत. फीची भिंत तेथें नाहीं. (दिल्ली सरकारच्या शिक्षण मंडळानेंही ऑगस्ट २०२१ मध्यें या संस्थेशीं करार केला होता, हें येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.)

प्राथमिक क्रमाचें मर्म एवढेंच कीं, वर्ष विषयांत न वाटतां शोधांत वाटावयाचें. आपण कोण आहों, आपलें स्थळ व काळ कोणता, मनांतलें आपण कसें व्यक्त करतों, जग कसें चालतें, समाज आपली व्यवस्था कशी लावतो, आणि पृथ्वी सर्वांनीं मिळून कशी वापरावी, अशीं सहा सूत्रें ठरलेलीं आहेत. मोठ्या वर्गांतून वर्षभरांत हीं सहाही हाताळावयाचीं असतात. म्हणजे एकेका सूत्राला साधारण सहा आठवडे मिळतात.

समजा, चौथीच्या वर्गांत पाण्याचा शोध चालू आहे. शिक्षिका ‘पाण्याचे उपयोग’ असें फळ्यावर लिहून सुरुवात करीत नाहीं. ती गळक्या नळाखालीं एक पेला ठेवते आणि तो किती वेळांत भरतो तें पाहावयास सांगते. पेल्यावरून तासाचा, तासावरून दिवसाचा, दिवसावरून वर्षाचा हिशेब मुलें करतात. हेंच त्यांचें गुणाकाराचें गणित. पाणी कोठून येतें याचा नकाशा काढतांना भूगोल येतो. शहराच्या पाणीखात्याला पत्र लिहितांना भाषा येते. मग कोणी तरी विचारतो कीं, एका वस्तींत बागा भिजतात आणि दुसरीकडे नळाला गढूळ पाणी कां येतें? शिक्षिका ज्याची वाट पाहात असते तो प्रश्न हा. तो कागदावर लिहून भिंतीवर लावला जातो व पुढचे दोन आठवडे त्याच्या मागें जातात. क्रमाच्या शेवटच्या वर्षीं मुलें लहान गट करून स्वतः विषय निवडतात, त्याचा छडा लावतात आणि सर्व शाळेपुढें त्याचें प्रदर्शन मांडतात.

ही कल्पना अगदीं नवी आहे असें मात्र नव्हे. जॉन ड्यूई यांनीं शिकागो येथें १८९६ सालीं आपली प्रयोगशाळा काढली, तेव्हां तींत मुलें स्वयंपाक करतां करतां रसायनाकडे व विणतां विणतां इतिहासाकडे नेलीं जात. पुढें कोलंबिया विद्यापीठांत याच ड्यूईंच्या हाताखालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले, हें अनेकांस ठाऊक असेल.

श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका येणें साहजिक आहे. मूल सारें स्वतःच शोधणार असेल, तर पाढे केव्हां पाठ होणार? ही शंका केवळ जुन्या वळणाच्या माणसांची आहे असें समजण्याचें कारण नाहीं. किर्शनर, स्वेलर व क्लार्क या तीन अभ्यासकांनीं २००६ सालीं एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, नवशिक्याच्या मनांत एका वेळीं फारच थोड्या गोष्टी मावतात. त्याला वाट न दाखवितां शोध करावयास सोडलें, तर सारी शक्ति चांचपडण्यांत जाते आणि पदरांत ज्ञान थोडें पडतें. पुढच्याच वर्षीं दुसऱ्या पक्षानें उत्तर दिलें: शोधपद्धति म्हणजे मोकाट सोडणें नव्हे, चांगला शिक्षक पावलोपावलीं आधार देतो व मूल स्थिरावलें कीं तो काढून घेतो. दोघांचेंही म्हणणें आपापल्या ठिकाणीं खरें आहे, आणि त्यांतून निघणारा व्यावहारिक अर्थ थोडा गैरसोयीचा आहे. ही पद्धति साध्या पद्धतीहून अधिक तयारीचा शिक्षक मागते, आणि तो न मिळाल्यास साध्या पद्धतीहून अधिक बिघडते. बिघडली तर नुकसान सर्वांचें सारखें होत नाहीं. ज्याच्या घरीं पुस्तकें आहेत व आईबाप पाढे म्हणवून घेतात, तें मूल निभावून जातें. ज्याला शाळेखेरीज दुसरा आधार नाहीं, तें मागें पडतें. सोडतींत नांव निघाल्याचा आनंद झालेल्या घरांतून अशीं मुलें पुष्कळ येतात.

आतां सनदेकडे परत यावें. २००२ सालीं अमलांत आलेल्या कायद्यानें तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन व गणित यांची परीक्षा दरवर्षीं सक्तीची केली; २०१५ सालच्या कायद्यानें बाकी पुष्कळ बदललें, तरी ही परीक्षा ठेवली. ती वसंत ऋतूंत येते. त्यामुळें सनदी शाळेच्या शिक्षिकेचे पाय दोन दगडांवर असतात. जिनीव्हाची संस्था आपल्या मान्यतेचें परीक्षण करतांना विचारते, शोध खरोखर चालतो काय. सनद देणारें मंडळ विचारतें, शेंकडा किती मुलें उत्तीर्ण. जानेवारी उलटली कीं भिंतीवरचा पाण्याचा प्रश्न बाजूस सारून सरावाच्या प्रश्नपत्रिका काढण्याचा मोह होतो. तो मोह सर्वस्वी वाईट म्हणतां येणार नाहीं. शाळाच बंद झाली तर शोध कोण करणार? पण दरवर्षीं तीन महिने असे गेले, तर उरलेला क्रम पाटीवरच्या नांवापुरताच राहतो.

कांहीं ठिकाणीं करारांतच थोडी तोड काढलेली आढळते. परीक्षेच्या गुणांबरोबर शाळेनें आपल्या ध्येयास अनुसरून ठरविलेलीं उद्दिष्टेंही सनदेंत लिहिलीं जातात आणि मुदतीच्या वेळीं तींही तपासलीं जातात. तरीही दोहोंत विरोध आला तर परीक्षेच्या आंकड्याचें पारडें सहज जड होतें, कारण तो शेजारच्या शाळेच्या आंकड्याशीं ताडून पाहतां येतो. अकरा वर्षांच्या मुलीनें गढूळ पाण्यावर मांडलेलें प्रदर्शन कशाशीं ताडावें, याचें सर्वांस मान्य होईल असें माप मात्र अद्याप कोणत्याही मंडळाच्या हातीं नाहीं.