सहलीसाठी कुऱ्हाड घेताना

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की तरुण मंडळींना डोंगराचे वेध लागतात. अकोले तालुक्यातील कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही नावे घरोघर निघू लागतात. सामानाची यादी होते. घोंगडी, दोर, पातेले, विजेरी असे सगळे लिहून झाल्यावर शेवटी कोणीतरी भर घालतो, ‘कुऱ्हाड!’ आणि मग ती कोणती घ्यावी यावर वाद जुंपतो. एकाला चित्रपटात पाहिलेला टॉमाहॉक हवा असतो, दुसऱ्याला आजोबांच्या वेळची भली थोरली कुऱ्हाड. पण घाईने पैसे मोजण्यापूर्वी चार गोष्टी पाहून घ्याव्यात.

प्रथम वजन. उभा वृक्ष पाडणे हे सहलकऱ्याचे काम नव्हे. त्याला चुलीपुरत्या ढलप्या काढायच्या, तंबूची मेख ठोकायची, फार तर मनगटाएवढे वाळके लाकूड तोडायचे. एवढ्यासाठी अर्धा ते पाऊण किलोचे पाते आणि हातभर लांबीचा दांडा पुष्कळ झाला. त्याहून जड कुऱ्हाड चढणीवर खांदा मोडते आणि थकलेल्या हातातून निसटते.

टॉमाहॉकचे म्हणाल, तर हा शब्द उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा. युरोपी व्यापारी लोकर असलेल्या कातड्यांच्या बदल्यात त्यांना लोखंडी पाती देत. त्याचा दांडा आपल्या कुदळीसारखा वरून घालतात, त्यामुळे घाव घालताना पाते अधिकच घट्ट बसते आणि दांडा मोडला तर रानात दुसरा बसवता येतो. हा गुण खरा. पण पाते हलके आणि पातळ, म्हणून लाकूड चिरण्यास तो उणा पडतो. शोभेसाठी घेतलेले हत्यार स्वयंपाकाच्या वेळी उपयोगी पडत नाही, हे ध्यानात असावे.

दुसरी गोष्ट पाते. लोहाराने पाण्याला नीट घातलेले पाते ना फार कडक, ना फार मऊ. कडक झाले तर धार तुकड्यातुकड्यांनी उडते, मऊ राहिले तर वळते. धारेवर कानस हळूच फिरवून पाहावी. ती काचेवरून सरकावी तशी निसटली तर पाते कडक आहे, आणि सहज रुतून भराभर कीस निघू लागला तर मऊ. किंचित चावत चालली तर बेलाशक घ्यावी. नंतर कुऱ्हाड डोळ्यांसमोर धरून धार आणि दांडा एका रेषेत आहेत का, ते पाहावे. तिरक्या पात्याचा घाव तिरकाच जातो.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दांडा. नवखा गिऱ्हाईक पात्याची चकाकी पाहतो, जाणता मनुष्य दांडा पाहतो. बाभूळ किंवा धावड्यासारख्या चिवट लाकडाचा दांडा चांगला. त्याला गाठ नसावी आणि लाकडाचे रेषे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. रेषे आडवे फुटले असतील, तर दांडा ऐन वेळी तिथेच मोडणार. रंगाचा जाड थर दिलेला दांडा घेऊ नये, कारण रंगाखाली काय दडले आहे ते कळत नाही. पकडीच्या शेवटी थोडा फुगवटा असला म्हणजे हात घसरत नाही.

दांडा जिथे बसतो ते नेढेही तपासावे. रतनगडाच्या माथ्यावर कड्याला आरपार पडलेले नेढे पाहायला लोक हौसेने जातात, पण कुऱ्हाडीच्या नेढ्यात मात्र उजेड दिसता कामा नये. दांडा गच्च भरलेला आणि वरून पाचर ठोकलेली हवी. सैल झालेली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. लाकूड फुगते, पाते घट्ट होते, पण वाळले की अधिकच सैल. खरा उपाय नवी पाचर.

वापरताना आखूड दांड्याचा एक धोका ओळखावा. लांब कुऱ्हाडीचा चुकलेला घाव जमिनीत जातो, आखूडचा गुडघ्यावर येतो. म्हणून लाकूड ओंडक्यावर ठेवावे, आपण गुडघे टेकून बसावे आणि आसपास कोणाला फिरकू देऊ नये. काम झाले, की धारेवर चामड्याचे म्यान चढवावे. पायावर कुऱ्हाड मारून घेणे हा वाक्प्रचार भाषेतच राहिलेला बरा!

आता शेवटचा प्रश्न: ही कुऱ्हाड न्यायची कुठे? कळसूबाई-हरिश्चंद्रगडचा मुलूख 1986 पासून अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथून परवानगीशिवाय लाकूड नेता येत नाही आणि लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन शिरता येत नाही. शस्त्राची व्याख्याही प्राण्याला इजा करू शकेल अशा साधनापर्यंत पोचते. वणव्याचा धोका होईल असा जाळ करण्यासही मनाई आहे. पडलेला ओंडका आपल्याला निव्वळ सरपण दिसतो, पण त्यात किडे, सरडे, पाखरे पोट भरतात आणि कुजून त्याचीच माती होते.

शिवाय हा जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर, कुऱ्हाडबंदी या शब्दाला घरोघर पोचवणारा. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही पावसाला पारखी गावे. हिवरे बाजारला 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पाणी अडवणे आणि श्रमदान यांबरोबर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी हे नियम गावांनी स्वतःवर घालून घेतले. उघड्या टेकड्या त्यामुळे पुन्हा हिरव्या झाल्या. ज्या गावकऱ्याला सरपणाची रोजची गरज, त्याने कुऱ्हाड आवरली. मग दोन दिवसांच्या पाहुण्याने ती परजावी काय?

तेव्हा कुऱ्हाड जरूर घ्या, चांगली पारखून घ्या. आपल्या शेतावर, वाडीत, विकत घेतलेल्या वाळक्या लाकडावर तिचा हात बसवा. अभयारण्यात मात्र लहानसा स्टोव्ह न्या, किंवा पाचनई, रतनवाडी, बारी अशा पायथ्याच्या गावी एखाद्या घरी पिठले-भाकरी सांगून ठेवा. त्या घराला दोन पैसे मिळतील, तुमचा खांदा हलका होईल. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण झाडांनी केली असती, तर त्यांनी ती आपल्यालाच उद्देशून केली असती. रानाचे गोत म्हणवून घ्यायचे, तर रानात जाताना हात रिकामा ठेवावा.