ऐकणाऱ्याची सुटका नाही

गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणात, त्रिविक्रमसेन नावाचा राजा होता. दरबारात एक भिक्षू रोज येई आणि राजाच्या हातावर एक फळ ठेवून निघून जाई. वर्षानुवर्षं हा क्रम चालला. एके दिवशी एका माकडाने ते फळ फोडलं आणि आतून रत्न निघालं. रोजच्या फळांतल्या अशा रत्नांच्या उपकारापोटी, भिक्षूच्या सांगण्यावरून, राजा कृष्णपक्षातल्या एका रात्री स्मशानात गेला, झाडाला लटकलेलं प्रेत त्याने खांद्यावर घेतलं आणि प्रेतातला वेताळ गोष्ट सांगू लागला. सोमदेवाने ११व्या शतकात काश्मिरात बसून लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त ही हकीकत आहे. पुढे लोकांनी तिला विक्रमादित्याशी जोडलं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी ‘वेताळपंचविशी’ १८३० साली छापून निघाली, म्हणजे मराठी छापील गद्य रांगत होतं तेव्हाच वेताळ त्याच्या खांद्यावर बसला. १९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ आलं आणि घरोघरी मुलं पांघरुणात शिरून ते पाहू लागली.

एका चित्रपटात चार-सहा स्वतंत्र भयकथा गुंफायच्या, ही रीत जगभर रुळलेली आहे. तिच्या चाहत्यांमध्ये आवडत्या कथांचा विषय निघाला की प्रत्येकाची यादी वेगळी निघते. माझी यादी मी वेताळाच्या कायद्याने लावतो. तो कायदा असा: गोष्टीच्या शेवटी मी घातलेल्या कोड्याचं उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. गोष्ट ऐकणाऱ्याचा जीव गोष्टीत अडकलेला आहे. त्याला नुसतं बसून ऐकण्याची सोय नाही. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला सुचत नाही, म्हणून तो गप्प राहतो. तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन सांगतो की तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. म्हणजे इतका वेळ आपण ज्याला चौकट समजत होतो, तीच सगळ्यात भयंकर गोष्ट होती. पडद्यावरच्या ज्या भयकथा मनात घर करून राहतात, त्या हा कायदा पाळतात.

बेलापुरातून दिसणारं कोकण

हा लेख मी नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापुरात बसून लिहितो आहे. सिडकोने आखलेल्या या शहराला वाडे नाहीत, परसातल्या विहिरी नाहीत, पडक्या धर्मशाळा नाहीत. चार्ल्स कोरियांनी आखलेली आर्टिस्ट्स व्हिलेजची बैठी घरं आहेत, पारसिकचा डोंगर आहे आणि खाडीकाठी जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. त्या किल्ल्यातून थेट घारापुरीपर्यंत भुयार जातं, असं इथले लोक सांगत आले आहेत. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की स्टेशनकडे माणसांचा लोंढा लागतो आणि तासाभरात रस्ते ओस पडतात.

तरीही मराठी भयकथेचा सगळा मुलूख याच सेक्टरांतल्या इमारतींशी बांधलेला आहे. कोकण भवन हे कोकण विभागाचं मुख्यालय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या अखत्यारीत येतात. खेड तालुक्यातलं जगबुडी नदीकाठचं तुंबाड त्यातलंच आणि वेंगुर्ला तालुक्यातलं वेतोबाचं आरवलीही त्यातलंच. कोकण रेल्वेचं मुख्यालय असलेलं बेलापूर भवनही इथेच आहे. गणपतीला, शिमग्याला गावी जाणारा चाकरमानी ज्या रुळांवरून रात्रभर प्रवास करतो, त्यांचा कारभार इथून चालतो.

आरवलीचा वेतोबा पाहिला म्हणजे आपल्याकडच्या भुताचा स्वभाव कळतो. उंच, उभी मूर्ती. नवस फेडायला लोक केळीचे घड आणतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. स्मशानातला वेताळ इथे गावाचा राखणदार झाला. त्याचा धाक मात्र गेला नाही, कारण राखणदार म्हटला की त्याचे नियम आले आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा आली. भयकथेला लागणारं सगळं सामान यात आहे.

श्रोता कोण आहे?

माझ्या यादीत सर्वांत वर सत्यजित राय यांची ‘मणिहारा’ आहे. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ साली, त्यांच्या तीन कथांवर राय यांनी ‘तीन कन्या’ केला. त्यातली मधली गोष्ट ही. एक शाळामास्तर ओसाड वाड्यासमोरच्या घाटावर बसला आहे आणि शाल पांघरलेल्या एका अनोळखी माणसाला त्या वाड्याची हकीकत सांगतो आहे. फणिभूषणाची बायको मणिमालिका दागिन्यांसाठी वेडी असते. नवऱ्याच्या धंद्यावर संकट येतं, तेव्हा तो आपले दागिने मागेल या भीतीने ती सगळे दागिने घेऊन निघून जाते आणि नाहीशी होते. नवरा तिच्यासाठी नवा दागिना घेऊन परततो. त्या रात्री ती येते. दागिन्याच्या पेटीवर झडप घालणारा, बांगड्या ल्यालेला हाडांचा हात प्रेक्षकाला दिसतो. पण राय तिथे थांबत नाहीत. मास्तरची गोष्ट संपल्यावर तो शाल पांघरलेला श्रोता सांगतो की फणिभूषण मीच, आणि दिसेनासा होतो. गोष्ट ज्याची होती, तोच ती ऐकत बसला होता. राजा आणि वेताळ यांच्या जागांची राय यांनी अदलाबदल केली आहे. परदेशात हा चित्रपट ‘टू डॉटर्स’ नावाने गेला, तेव्हा नेमकी ही गोष्ट वगळण्यात आली आणि तिकडच्या प्रेक्षकांना ती बऱ्याच काळाने पाहायला मिळाली.

मासाकी कोबायाशींच्या ‘क्वाइदान’ (१९६४) या जपानी चित्रपटाच्या वाट्यालाही हेच आलं. त्यातल्या चारपैकी बर्फातल्या स्त्रीची गोष्ट अमेरिकेत दाखवताना कापली गेली. त्याच चित्रपटातली होइचीची गोष्ट मला ‘मणिहारा’ची बहीण वाटते. होइची आंधळा आहे. बिवा हे तंतुवाद्य वाजवत तो ११८५च्या दान-नो-उरा लढाईचं आख्यान गातो. रोज रात्री त्याला एका थोर घराण्यासमोर गायला नेतात. त्याला दिसत नाही की समोर बसलेला सगळा दरबार त्याच लढाईत बुडून मेलेल्यांचा आहे. त्याला वाचवायला भिक्षू त्याच्या अंगभर पवित्र सूत्रं लिहितात. कपाळ, पापण्या, बोटं, तळपाय, काही सोडत नाहीत. कान मात्र राहून जातात. न्यायला आलेल्या मृतात्म्याला अंधारात फक्त दोन कान दिसतात आणि तो तेवढेच उपटून नेतो. ज्याचं सगळं जगणं ऐकण्यावर चालतं त्याचेच कान जावेत, यापेक्षा क्रूर आणि नेमका शेवट मी पडद्यावर पाहिलेला नाही.

तिसरं उदाहरण इंग्रजी आहे आणि त्याला एक मराठी धागा आहे. ईलिंग स्टुडिओच्या ‘डेड ऑफ नाइट’मध्ये (१९४५) एक वास्तुरचनाकार एका घरी येतो आणि म्हणतो की ही जागा, ही माणसं मी स्वप्नात वारंवार पाहिली आहेत. मग जमलेला एकेक जण आपला विलक्षण अनुभव सांगतो. बोलक्या बाहुल्याच्या आहारी गेलेल्या शब्दभ्रमकाराची गोष्ट त्यातली सर्वांत गाजलेली, आणि तिच्यातलं मायकल रेडग्रेव्ह यांचं काम थरकाप उडवणारं आहे. शेवटी हे सगळं स्वप्नच होतं असं कळतं. तो माणूस उठतो, गाडीत बसतो आणि त्याच घराशी येऊन पोहोचतो. चित्रपट जिथे सुरू झाला तिथेच पुन्हा सुरू होतो. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल, टॉमी गोल्ड आणि हर्मन बाँडी यांनी हा चित्रपट पाहिला आणि विश्वही असंच आरंभ-अंत नसलेलं असेल का, ही चर्चा त्यातून निघाली, अशी आठवण हॉइल यांनी सांगितली आहे. १९४८ साली त्यांचा स्थिर स्थिती सिद्धान्त आला. पुढे याच हॉइल यांच्या हाताखाली आपले जयंत नारळीकर घडले आणि ‘हॉइल-नारळीकर’ हे नाव जगभर गेलं. भुताच्या चित्रपटाची चौकट विश्वरचनेच्या चर्चेपर्यंत पोचली, हा त्या चौकटीच्या ताकदीचा पुरावाच आहे.

हमरस्ता, सिगारेट आणि सफरचंद

हिंदीत या प्रकाराला मोठ्या पडद्यावर जागा मिळवून दिली ती राम गोपाल वर्मांच्या निर्मितीने. प्रवाल रमण दिग्दर्शित ‘डरना मना है’ २००३च्या जुलैत लागला. रानातल्या रस्त्यावर मित्रमंडळींची गाडी बंद पडते, वेळ काढायला ते एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगतात आणि त्यांच्यातला एकेक जण गायब होत जातो. वेताळाचा कायदा इथे जसाच्या तसा लागू आहे.

यातल्या सहा गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत, पण तीन पक्क्या आहेत. सैफ अली खानचा छायाचित्रकार एका आडवाटेच्या हॉटेलात उतरतो. तिथला मालक म्हणजे बोमन इराणी. त्याला धूम्रपान अजिबात खपत नाही आणि गिऱ्हाइकाची सवय सोडवायला तो कुठल्याही थराला जातो. यात भूत नाही. एका चांगल्या उपदेशाच्या हातात बंदूक दिली की काय होतं, ते दिसतं. नाना पाटेकर आणि विवेक ओबेरॉय यांच्या गोष्टीत रात्री एका गाडीत दोन माणसं बोलत असतात आणि यातला मेलेला कोण, एवढाच प्रश्न आहे. दोन नटांचे आवाज आणि काचेबाहेरचा काळोख यांच्यापलीकडे तिला काही लागत नाही.

तिसरी गोष्ट सफरचंदांची. शिल्पा शेट्टीची गृहिणी एका विचित्र फळवाल्याकडून, म्हणजे राजपाल यादवकडून, स्वस्तात सफरचंदं घेते आणि ती खाणाऱ्या माणसांची सफरचंदं होऊ लागतात. वर्णन करताना हे हास्यास्पद वाटतं, पाहताना वाटत नाही. तुर्भ्याच्या एपीएमसीतून आलेली फळांची गाडी बेलापूर स्टेशनबाहेर उभी असते. भाव ऐकून आपण पिशवी पुढे करतो, फळ कुठून आलं हे विचारत नाही. या गोष्टीने तेवढंच पकडलं आहे. वेताळकथेतही अनर्थाची सुरुवात रोज मिळणाऱ्या फुकटच्या फळानेच झाली होती.

२००६ साली आलेल्या ‘डरना ज़रूरी है’मध्ये सात दिग्दर्शक होते. रानातल्या घरात आसरा घेतलेल्या मुलांना सरिता जोशींची म्हातारी गोष्टी सांगते. साजिद खानच्या गोष्टीत मनोज पाहवाचा सिनेमावेडा, आईचं न ऐकता, कब्रस्तानातून ‘डरना मना है’ पाहायला जातो. पहिल्या चित्रपटाचा प्रेक्षकच दुसऱ्या चित्रपटाचा बळी होतो. १ जानेवारी २०२०ला नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘घोस्ट स्टोरीज’मध्ये चार दिग्दर्शकांच्या चार गोष्टी आहेत, पण त्यांना जोडणारा धागाच नाही. त्यातली दिबाकर बॅनर्जींची, एका गावाने दुसरं गाव खाऊन टाकल्याची गोष्ट स्वतःच्या बळावर उभी राहते. बाकीच्या एकमेकींना हात देत नाहीत.

नागझिऱ्यात सांगितलेली गोष्ट

‘तुंबाड’ या चित्रपटाला कथामाला कोणी म्हणत नाही, पण त्याची बांधणी तीन खंडांची आहे: १९१८, १९३३ आणि १९४७. आणि त्याचा जन्म ‘डरना मना है’च्या चौकटीत शोभेल असा आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे की १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना भयकथाकार नारायण धारपांची गोष्ट ऐकवली. ती डोक्यातून गेली नाही. १९९७ साली पहिला खर्डा झाला, चित्रण २०१२ला सुरू झालं, ते मनासारखं उतरलं नाही म्हणून पुन्हा लिहून २०१५पर्यंत पुन्हा चित्रित केलं, आणि १२ ऑक्टोबर २०१८ला चित्रपट लागला. रात्री रानात ऐकलेल्या एका गोष्टीने पंचवीस वर्षं ऐकणाऱ्याला सोडलं नाही.

धारपांची ती कथा ‘आजी’. तिचं बीज स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेतलं. धारपांनी ती मराठी घरात आणली आणि बर्वे यांनी ती श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे ठाऊक झालेल्या गावाच्या नावाखाली, कोसळत्या पावसात नेली. पहिला खंड म्हणजेच ती गोष्ट. घरात साखळदंडाने बांधलेली म्हातारी आहे. तिला वेळेवर भरवलं नाही तर ती जागी होते. धाकटा मुलगा झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन उपचाराला धावते आणि लहानगा विनायक त्या म्हातारीबरोबर घरात एकटा राहतो. तिला परत झोपवायला एका नावाचा उच्चार करावा लागतो आणि घाबरलेल्या पोराला ते नाव वेळेवर आठवत नाही. इथेही प्रश्न तोच: ठाऊक असलेलं बोलता येतं का, आणि न बोलल्याची किंमत काय.

तिसऱ्या खंडातली कणकेची बाहुली मला सर्वांत अस्सल वाटते. म्हातारीला झोपवणारं ते नाव म्हणजे हस्तर, आणि हा हस्तर धान्याचा भुकेला आहे. गर्भगृहात पिठाचं रिंगण आखायचं, आत बसून कणकेची बाहुली त्याच्यापुढे टाकायची आणि तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातली नाणी ओढायची. एका बाहुलीवर भागेना, तेव्हा मोठा झालेला विनायक आणि त्याचा मुलगा एकदम अनेक बाहुल्या घेऊन उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात. हव्यासाचा हिशोब इतक्या उघडपणे मांडलेला दुसरा प्रसंग मला माहीत नाही. परातीतली कणीक हातात घेताना ज्याला हे आठवेल, त्याला समजेल की भय परकं असण्याची गरज नसते. १३ सप्टेंबर २०२४ला हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. म्हणजे प्रेक्षक आहे, आणि तो थांबायला तयार आहे.

आता मराठीत

धारपांनी (१९२५–२००८) शेकडो पानं या प्रकाराला दिली. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) बँक ऑफ इंडियात नोकरी करत लिहिते झाले. साध्या मध्यमवर्गीय घरातल्या माणसाच्या मनातच भूत दडलेलं असतं, हे त्यांच्या गूढकथांनी दाखवलं. ‘गहिरे पाणी’ मालिकेतून त्या छोट्या पडद्यावरही आल्या. त्या कथांचं हक्काचं घर दिवाळी अंक होतं, आजही आहे. मालिकेचा भाग मात्र आठवड्याने येतो, संपतो, आणि ऐकणाऱ्याची सुटका होते. दोन तासांच्या अंधारात चार-पाच गोष्टी एका धाग्यात ओवल्या की ती सुटका राहत नाही. मराठी भयकथेला मोठ्या पडद्यावर अशी चौकट मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

जो कोणी हे करील त्याने कथा निवडण्याआधी चौकट ठरवावी. ती कोकणाकडे निघालेल्या रात्रीच्या गाडीचा डबा असू शकते, किंवा कचेरी सुटल्यावर कोकण भवनासमोर बसची वाट पाहणारी चार माणसं असू शकतात. ऐकणारा कोण आहे आणि ऐकल्याबद्दल त्याला काय मोजावं लागणार आहे, हे त्याने पहिल्या पानावर लिहून ठेवावं. बाकी कथांना तोटा नाही. धारप आणि मतकरींनी त्या आधीच लिहून ठेवल्या आहेत.